नृत्यदिन आणि आरोग्य : रिंगण सर्वांचे व्हावे



दरवर्षी २९ एप्रिल हा दिवस आंतरराष्ट्रीय नृत्यदिन म्हणून पाळला जातो. ज्याँ-जॉर्ज नोव्हेर या फ्रेंच नृत्यकाराचा जन्म १७२७ साली याच दिवशी झाला. १९८२ पासून हा दिन साजरा होत आला आहे. नृत्य ही मोजक्या कलावंतांची मिरास नसून सर्वांचा ठेवा आहे, हे त्या निमित्ताने ध्यानी घेणे अगत्याचे होय.

गोमंतकाला हा विचार परका नाही. पौषात मांडावर समोरासमोर रांगा करून स्त्रिया धालो खेळतात, चतुर्थीला फुगडी रंगते, शिगम्यात गोफ विणला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. शाळकरी मुलांसाठी हे प्रमाण दररोज सरासरी ६० मिनिटे आहे. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे : बोलता येते, परंतु गाता येत नाही. धालोची संथ पावले गात गात पडतात. त्यांनी अंग मोकळे होते. फुगडीची गती वाढली की गीत आपोआप थांबते आणि केवळ ‘फू’चा घोष उरतो. जी खूण शास्त्राने सांगितली, ती खेळणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाला पूर्वापार ठाऊक आहे. गोफ विणताना आणि उलट्या पावलांनी उकलताना स्मरणशक्तीचीही कसोटी लागते.

मात्र अलीकडे हे खेळ अंगणातून स्पर्धेच्या मंचावर गेले आहेत. स्पर्धांमुळे कला टिकते, हे खरे; परंतु मंचावर दहाजणी नाचतात आणि उरलेला गाव खुर्च्यांवर बसून पाहतो. पारितोषिक दहाजणींना मिळते, व्यायामही दहाजणींनाच घडतो.

म्हणून यंदाच्या नृत्यदिनी पंचायतींनी व शाळांनी कार्यक्रमानंतर अर्धा तास रिंगण सर्वांसाठी खुले ठेवावे. पुरुषांनीही संकोच सोडून त्यात यावे. हृदयविकार वा गुडघेदुखी असलेल्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा व टाळ्यांच्या संथ ठेक्यापासून आरंभ करावा. हाच अर्धा तास पुढे आठवड्यातून पाच दिवस पाळला, तर १५० मिनिटे सहज भरतात. त्यासाठी ना शुल्क लागते, ना यंत्रसामग्री. लागते ते शेजाऱ्याने पुढे केलेला हात धरून उठणे.