आपली यादी, आपली किल्ली

पिंप्राळ्याहून मी तुमची गटाची ताई बोलते आहे. आज बचत, कर्ज, व्याज यांतलं काहीच सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते यादीबद्दल. आपल्याला मदत करणाऱ्या, आपला माल घेणाऱ्या माणसांची यादी आणि त्यांना पाठवायचं ई-मेलचं बातमीपत्र. ‘ताई, हे आमचं काम नव्हे,’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आधी आमची फजिती ऐका.

आमच्या गटांचा संघ उडदाचे पापड, बिबडे, शेवया आणि केळीचे वेफर्स करतो. आपली खान्देशची माणसं पुण्या-मुंबईत आहेत, सुरतेत तर घरोघर आहेत. त्यांना बिबड्यांची आठवण येते. शिवाय काही भले लोक आमच्या मुलींच्या शिवणवर्गाला वर्षाला देणगी देतात. अशी सगळी मिळून सव्वाचारशे माणसं. त्यांना दर दोन महिन्यांनी पत्र जायचं: शिवणवर्ग कुठवर आला, पैसा कुठे लागला, यंदा बिबडे कधी मिळणार.

हे काम एक हुशार मुलगी करायची. तिच्याच मोबाइलवर, तिच्याच ई-मेलवरून. तिचं लग्न ठरलं, ती सासरी गेली. मोबाइल बदलला, नंबर बदलला, पासवर्ड तिलाही आठवेना. तिची काही चूक नव्हती. चूक आमची, कारण संघाची यादी आम्ही एका पोरीच्या मोबाइलमध्ये ठेवली होती. मग पावतीपुस्तकं, कुरिअरच्या चिठ्ठ्या, जुन्या वह्या काढून दोन महिने बसलो आणि यादी पुन्हा उभी केली.

त्यावर दुसरी चूक मी स्वतः केली. आषाढीच्या रथोत्सवाआधी घाईघाईत पत्र लिहिलं आणि सगळे पत्ते वरच्या ‘टू’च्या रकान्यात टाकून पाठवून दिलं. म्हणजे प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. संध्याकाळी एका जुन्या देणगीदार काकांचं उत्तर आलं: ‘मी देणगी विश्वासानं दिली होती. माझा पत्ता चारशे जणांत वाटायला नाही.’ मला रात्रभर झोप लागली नाही. त्या वर्षी त्यांची देणगी आली नाही.

पुढच्या मासिक बैठकीत मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. तेव्हा आमच्या सर्वांत वयस्कर अक्का म्हणाल्या, ‘आपली वही दुसराना घर काबर ठेवानी?’ अक्कांना सही करता येते, तेवढंच. पण बाकी सगळा विचार त्यांच्या या एका प्रश्नावरून सुटला.

आपल्याला पंचसूत्री पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोब लिहिणं. वही गटाची असते, अध्यक्षांची नसते. बँकेत एकटीच्या सहीवर पैसे निघत नाहीत. मग यादीलाच हा नियम का नको?

आता कुठलं साधन कशाला, ते पाहू. आपल्या सदस्यांसाठी ई-मेल नको. आपल्या बाया ई-मेल बघत नाहीत. त्यांना फोन, बैठक आणि व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलेला निरोप बरा. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. गिऱ्हाइकांना ग्रुपमध्ये घेतलं, तर त्यांचे नंबर एकमेकांना दिसतात. म्हणून देणगीदार, बाहेरगावचं गिऱ्हाईक, अधिकारी यांच्यासाठी ई-मेल. ते लोक पत्र जपून ठेवतात आणि हिशोब मागे जाऊन बघतात.

साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशे जणांना पत्र जाऊ शकतं. पन्नास-साठ माणसं असतील, तर तेवढं पुरे. फक्त पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाका, म्हणजे कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही. यादी वाढली की मात्र बातमीपत्र पाठवणारी सेवा घ्यावी. ती प्रत्येकाला वेगळं पत्र पाठवते आणि खाली ‘नको असल्यास इथे दाबा’ ही सोय आपोआप देते.

अशा सेवा पुष्कळ आहेत. मेलचिंप ही अमेरिकेची, ब्रेव्हो फ्रान्सची, झोहो कॅम्पेन्स आपल्या तमिळनाडूतल्या कंपनीची. निवडताना आम्ही पाच प्रश्न विचारले.

पहिला, पैसे कशावर मोजतात? काही जण गिऱ्हाईक मोजतात, काही पापड मोजतात. मेलचिंप यादीतली माणसं मोजते, पत्र नको म्हणून निघून गेलेलीसुद्धा, म्हणून यादी साफ ठेवावी लागते. ब्रेव्हो पाठवलेली पत्रं मोजते. तिच्या फुकट योजनेत दिवसाला तीनशे पत्रं, म्हणजे आमच्या सव्वाचारशेंना दोन दिवस लागले असते. झोहोच्या फुकट योजनेत आम्ही पाहिलं तेव्हा दोन हजार पत्ते आणि महिन्याला सहा हजार पत्रं होती. पण फुकटावर विसंबू नका. मेलचिंपच्या फुकट योजनेत एके काळी दोन हजार पत्ते चालत, पुढे ते पाचशेवर आणले. ज्या दिवशी खातं उघडाल, त्या दिवशीचे दर स्वतः वाचा.

दुसरा, पैसे भरायचे कसे? बाहेरच्या एका सेवेला डॉलरमध्ये पैसे भरायला गेलो, तर संघाच्या बँकेचं कार्डच चाललं नाही. कुणी तरी स्वतःच्या कार्डावरून भरलं की ऑडिटला पुन्हा डोकेदुखी. रुपयात बिल मिळावं, संघाच्या नावानं मिळावं. संस्थांना सवलत आहे का, हेही विचारा. मेलचिंप संस्थांना पंधरा टक्के सूट देते. मात्र नोंदणीचा कागद तयार ठेवा.

तिसरा, यादी परत काढता येते का? सगळी नावं एक्सेलच्या फाइलमध्ये उतरवता आली पाहिजेत. उद्या सेवा महाग झाली, तर आपली यादी घेऊन दुसरीकडे जाता यावं. आम्ही आधी पाच खोटी नावं टाकून ती परत काढून पाहिली, मगच खरी यादी चढवली.

चौथा, मराठी नीट दिसते का? जोडाक्षरं तुटता कामा नयेत. पत्र साध्या मोबाइलवर उघडून बघा. फोटो मोठे टाकू नका, दोन पुरे.

पाचवा, पत्र पोचतं का? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याचे नियम कडक केले आहेत. जीमेलचा पत्ता लावून दुसऱ्या सेवेतून पत्र पाठवलं, तर ते नको असलेल्या पत्रांच्या टोपलीत पडण्याची भीती असते. म्हणून संघाच्या नावाचा स्वतःचा वेब-पत्ता घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. तो सेवेशी जोडायचं काम एकदाच करावं लागतं. कॉलेजातल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींना जमतं. पण तो वेब-पत्ता संघाच्याच नावावर नोंदवून घ्या. वर्ष भरायच्या आत पैसे भरायची तारीख वहीत लिहून ठेवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, विचारल्याशिवाय कुणाचं नाव यादीत घालू नका. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेनं केला. त्यात मुद्दा हाच आहे, की माणसाची संमती घ्या, कशासाठी घेता ते सांगा, आणि तो नको म्हणाला तर तेवढ्याच सहज सोडा. आता आमच्या पावतीवरच एक चौकोन आहे: ‘संघाचं पत्र ई-मेलवर हवं का? हो / नको.’

आम्ही शेवटी रुपयात बिल देणारी सेवा घेतली. तुम्ही वेगळी घ्याल, हरकत नाही. पण नियम हेच ठेवा. खातं संघाच्या ई-मेलवर. पासवर्ड दोघींकडे, आणि एक प्रत बंद पाकिटात संघाच्या कपाटात. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहायचा. दर तीन महिन्यांनी यादीची एक प्रत काढून ठेवायची. पत्र पाठवण्याआधी एकीनं लिहायचं, दुसरीनं वाचायचं, आणि आधी आपल्या दोघींनाच पाठवून बघायचं.

त्या काकांना मी हातानं पत्र लिहिलं. चूक मान्य केली, आता काय बदललं तेही लिहिलं. वर्षभरानं त्यांची देणगी पुन्हा सुरू झाली. पावतीवरच्या चौकोनात मात्र त्यांनी ‘नको’वर खूण केली होती. आम्ही त्यांना ई-मेल पाठवत नाही. दिवाळीत एक पोस्टकार्ड पाठवतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या: आपली यादी आज कुणाच्या मोबाइलमध्ये आहे? उत्तरात एकच नाव आलं, तर त्याच दिवशी दुसरं नाव जोडा. नमस्कार.