गरोदरपणातलं बीपी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल थोडं बोलावं, असं संयोजकांनी सांगितलंय. माझं काम बाळंतपणाचं. जेवणाची घंटा व्हायच्या आत एकाच दुखण्याबद्दल सांगते.

पाचव्या महिन्यानंतर काही जणींचं बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जातं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. वेळेत लक्ष दिलं नाही तर झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. घरात मात्र पहिला प्रश्न येतो, "हिने काय खाल्लं? एवढं टेन्शन कशाला घेतलं?" जणू दुखणं तिनेच ओढवून घेतलं!

हे होतं कसं ते बघा. संप्रेरकं रक्तातून पेशींना निरोप नेतात, हे आपण शाळेत शिकलो. निरोप घ्यायला पेशीवर रिसेप्टर असतो. दारावरची टपालपेटीच म्हणा. व्हीईजीएफ नावाचं प्रथिनही असाच निरोप देतं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवतं. त्याचा एक रिसेप्टर ज्या जनुकापासून बनतो, त्याच जनुकातून एक अपुरी प्रतही निघते. तिला पेशीत रुतून बसणारा भागच नसतो. त्यामुळे ही पेटी दारावर न राहता रक्तात फिरते आणि टपाल वाटेतच अडवते.

ही सुटी पेटी वार बनवते. प्रत्येक गरोदरपणात थोडी बनतेच, या आजारात बहुधा फार बनते. अस्तराला निरोप पोचत नाही, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडाची गाळणी बिघडते. २००३ साली बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. गाभण उंदरांच्या शरीरात हेच प्रथिन वाढवल्यावर त्यांचंही बीपी चढलं, लघवीतून प्रथिनं गेली. वार पडल्यावर बहुतेकींचं बीपी उतरतं, त्याचा अर्थही यातून लागतो. तेव्हा सुनेच्या ताटातल्या लोणच्याच्या फोडीला आता बोल लावू नका.

आधी हा त्रास झालेला असेल, जुळं असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. गरज असेल तर ते कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जोखमीच्या गरोदर स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांआधी बाळंत करावं लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण गोळी न मिळालेल्यांत ४.३ टक्के होतं, मिळालेल्यांत १.६ टक्के. गोळी मनाने मात्र घ्यायची नाही. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखू लागलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. बाळंतपणानंतरही दीड महिना हे लक्षात ठेवायचं.

आता आपल्याबद्दल. आपली वयं हजेरीपटावर आहेतच! ज्या मैत्रिणींना बाळंतपणात हा त्रास झाला होता, त्यांना पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून ती सोडून देऊ नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा, बीपी आणि साखर नियमित तपासा. मित्रांनो, तुम्हीही घरी गेल्यावर बायकोला एवढं विचारा, "तुझ्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का गं?"