छोट्या दुकानाची जाहिरात



तापीच्या काठी वसलेले आमचे बुऱ्हाणपूर हे फार जुने व्यापारी गाव. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात करून ठेवली आहे. गावाला तिचा अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु ते कापड विणणाऱ्या विणकराचे नाव आज कोणास सांगता येईल? गिऱ्हाईक कोठले, ते काय भाव देते, त्याला काय आवडते, ही माहिती मधल्या व्यापाऱ्याजवळ. विणकराजवळ केवळ माग आणि मजुरी. मालाची कीर्ती दूरदेशी पोहोचली. माल करणारा निनावीच राहिला.

इंटरनेटवरून अल्प खर्चात जाहिरात कशी करावी, हा माझा आजचा विषय. त्याच्या आरंभी ही जुनी गोष्ट सांगितली, याला कारण आहे. ही जाहिरात म्हणजे आरडाओरडा नव्हे. माल करणाऱ्याने आपल्या नावाने गिऱ्हाइकाशी थेट ओळख करून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. ही ओळख पैशाने विकत मिळत नाही. आणि सुदैवाने तिला पैसा फारसा लागतही नाही. हा धडा मी एका चुकीतून शिकलो.

मी शाळामास्तर. माझ्या एका विद्यार्थ्याची आई घरी केळ्याचे वेफर तळून विकते. आमचा जिल्हा केळ्यांचा. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत आमच्या वाट्याला केळेच आले आहे. या बाईंकडे एक गृहस्थ आले आणि १२ हजार रुपयांत मोबाईलवर नाव गाजवून देतो, असे म्हणाले. बाईंनी माझा सल्ला विचारला. मी म्हणालो, “द्या. आजकाल त्याशिवाय चालत नाही.” महिन्याभरात त्यांच्या इन्स्टाग्रामच्या पानाला १० हजार फॉलोअर मिळाले. पुढे एकदा त्या शाळेत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, दहा हजार माणसं मोबाईलात आली, दाराशी एकही आलं नाही.” ती सारी नावे विकतची होती. मोठी कढई आणि शेगडी घेण्यासाठी साठवलेला पैसा असा गेला.

ते पैसे काही मला परत मिळवून देता आले नाहीत. मात्र त्यानंतर दर रविवारी मायलेकांबरोबर बसून जे बिनखर्ची उपाय आम्ही केले, ते आपल्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला उपाय नकाशाचा. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. दुकान खरोखर आहे याची खात्री बहुधा चित्रफीत मागवून केली जाते. नाव, फोन, उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार अचूक द्यावा. बंद दारावरून परत गेलेले गिऱ्हाईक सहसा पुन्हा येत नाही. आमच्या गावी आणखी एक अडचण. रावेरचा मनुष्य ‘बुऱ्हाणपूर’ लिहितो, खंडव्याचा ‘बुरहानपुर’. म्हणून दुकानाचे वर्णन आम्ही मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत दिले. दर्गाह-ए-हकीमीला आणि स्वामीनारायण मंदिराला दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्यांना आमच्या गल्ल्या ठाऊक नसतात. ते वाट विचारतात ती हातातल्या फोनला. त्या फोनला आपला पत्ता ठाऊक असला पाहिजे.

दुसरा उपाय व्हॉट्सॲप बिझनेसचा. छोट्या व्यापाऱ्यांसाठी २०१८ साली निघालेले हे ॲप फुकट मिळते. त्यात मालाची छायाचित्रे आणि भाव मांडून ठेवता येतात. छायाचित्र सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी घ्यावे. पाकिटावरील वजन, तारीख आणि अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक त्यात वाचता यावा. भाव लपवू नये. “भाव विचारा” असे लिहिले की गिऱ्हाईक निघून जाते. एकच निरोप अनेकांना धाडण्याची सोयही येथे आहे. परंतु ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला आहे, त्यांनाच तो पोहोचतो. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. आधी ओळख, मग निरोप. आणि निरोपही कामाचाच असावा. रोजच्या ‘शुभ प्रभात’ने माणसे कंटाळतात.

तिसरा उपाय गिऱ्हाइकाच्या अभिप्रायाचा. समाधानी गिऱ्हाइकाला “दोन ओळी लिहा” असे मोकळेपणाने सांगावे. पण त्यासाठी पैसे वा भेट देऊ नये. ते नियमांविरुद्ध आहे आणि अंगाशी येते. इंटरनेटवरील अभिप्राय खरे असावेत म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली मानकही तयार केले आहे. तक्रार आली तर भांडू नये. एकाने लिहिले की वेफर मऊ पडले होते. बाईंनी उत्तर दिले, “चूक झाली, पाकीट नीट बंद झाले नव्हते, बदलून देते.” त्या एका उत्तराने मिळालेला विश्वास दहा स्तुतींनी मिळाला नसता.

चौथा उपाय सर्वांत जुना, तो म्हणजे वही. नव्या गिऱ्हाइकाला “आमचे नाव कोठे कळले?” एवढे विचारावे आणि वहीत खूण करावी. आमच्या वहीत पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक खुणा ‘कोणीतरी सांगितले’ या रकान्यात पडल्या, त्याखालोखाल ‘नकाशा’च्या. १२ हजारांचा रकाना कोराच राहिला. पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल, तर ती अशा वहीच्या आधारे, थोडक्या रकमेची आणि जवळच्या गावांपुरती करावी. पाकिटामागे २० रुपये सुटत असतील, तर ५०० रुपयांच्या जाहिरातीने निदान २५ पाकिटे अधिक खपली पाहिजेत. तेव्हा कुठे खर्च निघेल. हा हिशेब चौथीतला मुलगाही करील. मी तो वेळेवर केला नाही, हे मात्र खरे.

दोन इशारे देणे अगत्याचे आहे. इंटरनेटवरील पान ही भाड्याची जागा आहे. ती कधी बंद होईल याचा नेम नाही. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, त्यांच्या संमतीने, आपल्याजवळही लिहून ठेवावीत. दुसरे असे की, पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो देताना. मोठ्या मागणीचे आमिष दाखवून कोणी पिन टाकायला सांगितले, तर तो लबाड समजावा. आणि फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

कोणी म्हणेल, या उपायांना पैसा नाही तरी वेळ तर लागतो? लागतो. रोज अर्धा तास द्यावा लागतो आणि फळ सावकाश मिळते. शिवाय माल वाईट असेल, तर या साधनांनी दुष्कीर्तीही तितक्याच वेगाने पसरते. तळण शिळ्या तेलातले असेल, तर नकाशा काय करणार?

त्या बाई काही श्रीमंत झालेल्या नाहीत. मोठी शेगडी मात्र गेल्या दिवाळीपूर्वी आली. रावेर, भुसावळकडची काही घरे आता थेट त्यांच्याकडे मागणी नोंदवतात. त्यांच्या पाकिटावर पूर्वी नुसते ‘केळी वेफर’ असे असे. आता त्याखाली त्यांचे स्वतःचे नाव आहे, आणि ते कोणाकडून विकत घेतलेले नाही.