मासा ताजा दिसतो, पण आतून?

(महासंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बचत-कर्जावर नाही, मासळीवर बोलणार आहे. माझं काम मानखुर्दला. एका अंगाला ठाण्याची खाडी, जवळच १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी. तिथल्या बैठकीत मी खाडीतल्या विषारी रसायनांचा विषय काढला, तर मासळी विकणाऱ्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "पोरी, तू असं बोलत सुटलीस तर माझी पाटी कोण घेणार?" मी गप्पच झाले. त्यांचं पोट त्या पाटीवर. म्हणून आधीच सांगते, मासे सोडा असं मी म्हणत नाही.

काही रसायनं वर्षानुवर्षं कुजत नाहीत. डीडीटी तुम्हाला माहीत आहे. शेतीतला त्याचा वापर आपल्याकडे १९८९ मध्ये बंद झाला, मलेरियाच्या फवारणीत पुढेही होत राहिला. दुसरं पीसीबी, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं. तिसरं डायॉक्सिन. ते कुणी मुद्दाम बनवत नाही. तांब्यासाठी वायर जाळली, प्लास्टिकचा कचरा पेटवला की तयार होतं. ही तिन्ही पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चिखलात बसतात आणि चरबीत साठतात. चिखलातले किडे बारीक मासा खातो, त्याला मोठा मासा खातो. प्रत्येक पायरीला साठा वाढतो.

आता माशाच्या आत काय होतं? पेशीत एक कुलूप असतं असं समजा. डायॉक्सिन आणि काही पीसीबी त्यात चावीसारखे बसतात. कुलूप उघडलं की पेशी विष तोडणारी यंत्रणा चालू करते. पण हे विष लवकर तुटतच नाही. यंत्रणा चालूच राहते, पेशीची नासधूस होते. अंड्यातल्या पिल्लाचं हृदयसुद्धा नीट घडत नाही. डीडीटीचे काही प्रकार तर मादीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. मग नराचं यकृतही अंड्याच्या बलकाचं प्रथिन बनवू लागतं! बाहेरून मात्र मासा तसाच दिसतो.

अमेरिकेत हडसन नदीत १९४७ ते १९७६ पीसीबी सोडलं गेलं. तिथल्या टॉमकॉड माशाचं ते कुलूपच बदललं, हे २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. आता विष त्याला फारसं बाधत नाही, पण अंगात साठतंच. म्हणजे मासा जगला, विष पुढे खाणाऱ्याकडे गेलं. गिल लाल, डोळा चकचकीत, ही ताजेपणाची खूण झाली. स्वच्छतेची नव्हे.

मग करायचं काय?

एक, सांडपाण्याच्या तोंडाजवळची मासळी टाळा. एकच मोठा मासा सारखा खाण्यापेक्षा बारीक मासळी आलटून पालटून खा. आतडी, यकृत, पोटाची चरबी काढून टाका. पारा मात्र मांसातच असतो, तो असा निघत नाही. आणि तळून-उकळून ही विषं मरत नाहीत.

दोन, बाळंतिणींनी घाबरून अंगावरचं दूध तोडू नये. त्याचा फायदा मोठा आहे.

तीन, वायर, प्लास्टिक जाळू नका. फवारणीचा पंप, औषधाचा डबा ओढ्यात धुऊ नका.

चार, मागणी करा. अशी रसायनं थांबवण्याचा करार स्टॉकहोमला २००१ मध्ये झाला, भारताने २००६ मध्ये तो मान्य केला. खाडीकाठच्या गटांनी ग्रामसभेत ठराव घ्या: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने चिखल आणि मासळी तपासावी, निकाल मराठीत गावात लावावा.

मावशींना मी हेच सांगितलं. खाडी त्यांनी घाण केली नाही, मग नुकसान त्यांच्याच पाटीचं का? त्या म्हणाल्या, "मग अर्जावर पहिला अंगठा माझा घे."

पुढच्या सभेला तुमचे ठराव घेऊन या, तायांनो.