बिनटोपीचा चाकू: धार नंतर, आधी सांधा



पेणच्या नाहीतर रोह्याच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या आपल्या बायकांच्या टोपलीत एक घडीचा चाकू असतोच. माठाच्या जुडीची मुळं छाटायची, गोणीची सुतळी कापायची, पावसाळ्यात शेवळं साफ करायची, सगळं त्याच्यावर. आज त्याच चाकूबद्दल बोलू या.

चाकू घेताना आपण काय बघतो? धार. पण धार बोथट झाली तर दगडावर लावता येते. चाकू निकामी होतो तो सांध्यात, जिथे पातं मुठीला खिळलेलं असतं. सांधा ढिला झाला की पातं हातात फिरतं आणि बोट कापतं. मग चार दिवसांचा बाजार बुडतो.

महागड्या चाकूच्या मुठीला सांध्यापाशी पितळेची किंवा लोखंडाची जाड टोपी असते. कोयत्याच्या मुठीवर शेंबी असते ना, तसंच तिचं काम. खिळ्याचा ताण ती घेते, लाकूड फाटू देत नाही. आपल्या साध्या चाकूला ही टोपी नसते. लाकडाच्या दोन फळ्या, मध्ये पातं आणि आरपार खिळा. म्हणून तो हलका आणि स्वस्त.

टोपी नाही म्हणजे चाकू कच्चा, असं मात्र नाही. सुपारीचा अडकित्ता बघा. एकाच खिळ्यावर फिरतो, तरी आजीचा अडकित्ता नातीपर्यंत येतो, कारण खिळ्याच्या दोन्ही बाजूंना धातू असतो. जपानमध्ये मिकी गावात १८९० च्या दशकापासून हिगोनोकामी नावाचा चाकू करतात. त्याची मूठ म्हणजे नुसता दुमडलेला पत्रा. टोपी नाही, कमान नाही, तरी टिकतो.

मग घेताना तीन गोष्टी बघा.

एक, चाकू उघडून फळ्यांच्या आत डोकवा. लाकडाला आतून लोखंडी पत्रा लावलेला हवा. पत्रा नसेल तर सगळा ताण लाकडावर येतो.

दोन, लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला धरून हव्यात. खिळ्याभोवती केसाएवढी चीर दिसली तरी तो चाकू खाली ठेवा.

तीन, पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा. ते डुगडुगता कामा नये. मिटल्यावर टोक मुठीच्या आत गेलं पाहिजे.

आता निगा. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं, पातं अडकतं. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसतं आणि खिळा सैल होतो. म्हणून चाकू पाण्यात बुडवून ठेवू नका. कैरी किंवा मासळी कापली की लगेच धुवा, पुसा, उघडाच वाळू द्या आणि मगच मिटा. आठवड्याला सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा, मुठीलाही तेलाचा हात फिरवा.

आणि वापर. बहुतेक साध्या चाकूंना पातं अडवून धरणारी कळ नसते. टोकाने भोसकलं तर पातं उलटं मिटतं, थेट बोटांवर. डब्याचं झाकण उचकटायला, नारळाची करवंटी फोडायला चाकू घेऊ नका. त्या कामाला कोयता आहे. पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

खिळा ढिला झाला तर घरी वरवंट्याने ठोकू नका, लाकूड तडकेल. लोहारदादा ऐरणीवर ठेवून हलक्या हाताने खिळा बसवून देतात. फळी फुटली असेल तर नवी लावून मिळते का, तेही विचारा. पातं चांगलं असेल तर चाकू फेकायचं कारण नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला चाकू सोबत आणा. एकत्र बसून सांधे तपासू. जे ढिले निघतील ते एकाच खेपेत लोहाराकडे नेऊ, जाण्यायेण्याचं भाडंही वाटून जाईल.

बोटं जपा.