पाहुण्या खेळाडूंचा प्रश्न

ब्राह्मणपारा ही रायपूरची जुनी वस्ती. ‘पारा’ हा छत्तीसगढी शब्द. आपल्याकडील आळी किंवा मोहल्ला. 1956 पर्यंत या शहराची राजधानी नागपूर होती. पुढे प्रांत बदलले, तरी येथील मराठी घरांचा नागपूरशी असलेला जिव्हाळा प्रांतांच्या सीमा पाळीत नाही. त्यामुळे विदर्भाच्या संघाने रणजी करंडक जिंकला, की तो आनंद काही अंशी या पाऱ्यातही पोहोचतो. आणि त्याच्या मागोमाग एक प्रश्न येतो : विदर्भाने बाहेरून नामवंत खेळाडू आणले, मग छत्तीसगढच्या चालकांनीही ते अधिक उत्साहाने का आणू नयेत?

प्रश्न नवा नव्हे. अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये करार संपलेला खेळाडू मोकळा होतो आणि धनवान संघ त्याच्यामागे लागतात. आपल्याकडे राजेरजवाड्यांनी हेच केले. नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या आश्रयाने इंदूरला गेले. सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर हेही होळकर संघातून खेळले. 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन या संघात होते. त्यांनी नाबाद 249 धावा केल्या, आणि तरीही होळकर संघ मुंबईकडून 374 धावांनी हरला! एकट्या पाहुण्याच्या पराक्रमाची मर्यादा याहून स्पष्ट कोणती दाखवावी? अर्थात त्या संघाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याने चार वेळा करंडक जिंकला आणि सहा वेळा उपविजेतेपद मिळवले. परंतु 1954-55 च्या हंगामानंतर होळकर संघ उरला नाही. आणि त्याच इंदूरचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशाला करंडक मिळण्यास 2022 साल उजाडावे लागले. राजाश्रयाने संघ उभा राहिला होता. त्याच्या मागे खेळाडू घडविणारी व्यवस्था तेवढ्या बळाने उभी राहिली नव्हती, असेच म्हणावे लागते.

येथे चंद्रकांत पंडित यांचे नाव घेणे प्राप्त आहे. मुंबईचे हे यष्टिरक्षक मध्य प्रदेशाकडे पाहुणे म्हणून आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली 1998-99 चा अंतिम सामना बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध हरला गेला. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच राज्याचे प्रशिक्षक म्हणून, त्यांनी करंडक उचललेला पाहिला. आणि समोर हरलेला संघ मुंबईचा होता. मधल्या काळात 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोन विजेतीपदे विदर्भाने मिळवली, तीही त्यांच्याच प्रशिक्षणाखाली. खेळाडू पंडितांना जे साधले नाही, ते शिक्षक पंडितांनी दोन राज्यांत साधले.

विदर्भाचे पाहुणे कसे होते, हेही पाहावे. वसीम जाफर आले तेव्हा त्यांचा कसोटीचा काळ मागे पडला होता. वयाच्या चाळिशीत, 2018-19 च्या हंगामात, त्यांनी 1037 धावा केल्या. परंतु त्या धावांइतकेच मोलाचे होते ते तरुणांनी त्यांना रोज सराव करताना पाहणे. पहिल्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्रिक्रम केला तो रजनीश गुरबानीने, शतक ठोकले ते अक्षय वाडकरने. कर्णधार फैज फजल. दुसऱ्या वर्षी सौराष्ट्राचे अकरा बळी आदित्य सरवटेने घेतले. 2024-25 मध्ये तिसरे विजेतेपद आले, तेव्हा अंतिम सामन्यात करुण नायर या पाहुण्याने 86 आणि 135 धावा केल्या. पण दानिश मालेवारच्या 153 आणि 73 धावा त्यांच्या जोडीला होत्या, आणि हर्ष दुबेने त्या हंगामात विक्रमी 69 बळी मिळवले होते.

छत्तीसगढचा संघ 2016 मध्ये रणजी स्पर्धेत उतरला. त्यानेही आरंभी मोहम्मद कैफ यांच्यासारखा अनुभवी कर्णधार बाहेरून आणला आणि पहिलाच सामना त्रिपुराविरुद्ध जिंकला. नवख्या घराला वडीलधारा माणूस लागतो. यात वावगे काहीच नव्हते. दुर्गला जन्मलेला, मध्य प्रदेशाकडून खेळलेला हरप्रीत सिंग भाटियाही या संघात आला. त्याला तर पाहुणा म्हणणेही जड जाते.

तेव्हा अधिक आवेशाने माणसे मिळवावीत काय? मिळवावीत, पण आधी प्रशिक्षक, मग खेळाडू. नियम बाहेरचे तीन खेळाडू घेण्याची मुभा देतो. तीन घेतलेच पाहिजेत, असे तो सांगत नाही. अकरांतील तीन जागा म्हणजे रायपूर, भिलाई, बिलासपूरच्या तीन मुलांची वाट अडविणे. तेव्हा येणाऱ्याने त्या मोलाचे काही मागे ठेवले पाहिजे. सलामीला उभे राहण्यास घरात कोणी नसेल, तर सलामीवीर आणावा. घरचा फिरकी गोलंदाज तयार होत असताना बाहेरचा आणणे मात्र उधळपट्टी होय.

2025 मध्ये करुण नायर कर्नाटकाकडे परतले. दुबे आणि मालेवार नागपूरला आहेत.