हृदयविकार आणि वृद्धांची स्मरणशक्ती

(लोंढा, तालुका खानापूर, जिल्हा बेळगावी येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. या म्हणीने वृद्धांचे फार नुकसान केले आहे. घरातील आजोबा विसरू लागले, हिशेबात चुकू लागले, की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण तो विषय तेथेच सोडून देतो. परंतु त्याच आजोबांना हृदयविकार असेल, तर हे विसरणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आज या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. हा पुरवठा हृदयाने ढकललेल्या रक्तातूनच होतो. हृदय दुबळे झाले की मेंदूला होणारा रक्तपुरवठा मंदावतो. उच्च रक्तदाब व मधुमेह यांमुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, तर हृदयात रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या मेंदूकडे जाण्याचा संभव असतो. कित्येकदा हे आघात इतके लहान असतात, की रोग्यालाही त्यांचा पत्ता लागत नाही. मात्र विचारशक्ती हळूहळू उणावत जाते.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार, साठ वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. सौम्य स्वरूपाची विस्मृती असलेले लोक याहून निराळे.

आता याचा परिणाम पाहा. हृदय दुबळे झालेल्या रोग्याला दिवसाकाठी अनेक गोळ्या घ्याव्या लागतात, मीठ कमी करावे लागते, पायावर सूज आली किंवा वजन एकाएकी वाढले तर ते ओळखून सांगावे लागते. ही सर्व कामे स्मरणाची व समजुतीची आहेत. विसरणारा रोगी एखादे दिवशी गोळी घेतच नाही, तर एखादे दिवशी तीच दोनदा घेतो. रक्त पातळ करणारी गोळी दोनदा घेतली गेल्यास रक्तस्राव होऊ शकतो. दम लागत असूनही तो कोणाला सांगत नाही. अशा रोग्यांना पुनःपुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागते आणि त्यांचे मृत्यूचे प्रमाणही अधिक असते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. लोंढा हे जंक्शन असल्यामुळे गाडीने बेळगावी, हुबळी किंवा गोव्याकडे उपचारासाठी जाता येते. परंतु चिठ्ठी इंग्रजीत, समजावून सांगणे कन्नडमध्ये आणि म्हातारीला कळते ती मराठी किंवा कोकणी! घरी परतेपर्यंत सांगितलेले निम्मे गळून जाते. रोग्याबरोबर घरातील जाणते माणूस जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शिक्षकबंधूंनी येथे मोठे कार्य करावे. गोळ्यांच्या वेळांचा तक्ता मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावा. अक्षरओळख नसणाऱ्यांसाठी सकाळी उगवता सूर्य, दुपारी माथ्यावरचा सूर्य व रात्री चंद्र काढावा. गोळ्या देण्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीवर असावी. हृदय दुबळे असल्याचे निदान झालेल्या रोग्याचे वजन रोज सकाळी करून लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आरोग्य कर्मचाऱ्यांनी विस्मृतीची चौकशी करताना रोग्याचे शिक्षण ध्यानात घ्यावे. शाळेत न गेलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करावयास सांगून काही निष्पन्न होणार नाही. हरयाणातील बल्लभगढ भागातील निरक्षर वृद्धांसाठी १९९५ साली हिंदीत वेगळी चाचणी तयार झाली, ती याच कारणाने. बाजाराचा वार, नुकताच झालेला सण, नातवंडांची नावे असे प्रश्न विचारावेत. कमी ऐकू येणे, मन उदास असणे, थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपाय आहेत.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवावा. विस्मृती हळूहळू येते. पण एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर ते वय नव्हे. अशा वेळी एक घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात वाडीवस्तीवरून रस्ता कठीण असतो. म्हणून वाहन कोणाचे व कोठे मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे.

हा विकार काही अंशी टाळताही येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या लोकांत सौम्य विस्मृतीचे प्रमाण कमी आढळले. रक्तदाब व साखर नियमित तपासणे, तंबाखू व मद्य सोडणे, रोज चालणे, आणि भजन, वाचन, गप्पागोष्टी यांत मन गुंतवणे, हे उपाय हृदय व मेंदू या दोहोंना हितकारक आहेत. मार्गदर्शन हवे असल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

ज्यांनी आपल्याला बोट धरून चालावयास शिकविले, त्यांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणे हे काही मोठे ओझे नव्हे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या वडीलधाऱ्यांची औषधाची पिशवी एकवार उघडून पाहावी, एवढीच विनंती.